भासऱ्यांचं न घेतलेलं माप

"किती वर्षांपासून बीपी आहे यांना?"

डॉक्टरांनी हे विचारलं तेव्हा मी आणि माझी थोरली जाऊ बुलढाण्याच्या एका दवाखान्यात, सीटी स्कॅनच्या खोलीबाहेर उभ्या होतो. डॉक्टरांनी काळी फिल्म खिडकीच्या उजेडात धरली होती. तिच्यात एका बाजूला बोराएवढा पांढरा डाग होता. ते म्हणाले, "मेंदूतली बारीक नस फुटली आहे. याला हेमरेज म्हणतात, म्हणजे मेंदूत झालेला रक्तस्राव. प्रेशर वरचं दोनशे वीस आणि खालचं एकशे तीस आलंय. हे काही आज सकाळी सुरू झालेलं नाही. कधी तपासलंच नव्हतं का?"

"तपासलं नं डॉक्टर साहेब," जाऊबाई म्हणाल्या. "आमच्या घरातच आशा हाय. ही पाहा नं, माही जाऊ. साऱ्या गावाचं तपासते, घरचं नाई तपासणार का?"

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. सकाळी घरोघरी जायला निघाले होते, त्यामुळे गळ्यात ओळखपत्र तसंच होतं.

"मग तेव्हा किती होतं?"

"रेकॉर्ड पाहून सांगते," मी म्हणाले. रेकॉर्ड पाहायची गरज नव्हती. त्यात आकडाच नव्हता.

हे लिहायला बसले त्याचं कारण तो आकडा आहे. आजारी माणूस माझे भासरे, म्हणजे नवऱ्याचे थोरले भाऊ. आजार त्यांना झाला. पण या आजाराचा एक भाग माझ्या हातानं लिहिला गेलाय, आणि तो सांगितल्याशिवाय बाकीचं सांगण्यात काही अर्थ नाही. तुमच्या घरात तीस वर्षांवरचं कोणी असेल, आणि "त्याले काय झालं, धडधाकट तर हाय" असं तुम्ही म्हणत असाल, तर तुम्हीही ऐका.

आमचं गाव डोणगावपासून सात-आठ किलोमीटरवर. घरात भाजीपाल्याची शेती, वांगी, टमाटे, कोथिंबीर. दोन भाऊ एकाच आवारात राहतात, चुली वेगळ्या, विहीर एक. मी बारा वर्षांपासून गावाची आशा, म्हणजे सरकारी आरोग्य योजनेतली गावपातळीवरची सेविका आहे. बाळंतपणं, लसी, क्षयरोगाच्या गोळ्या हे तर असतंच. काही वर्षांपूर्वी त्यात बीपी, शुगर आणि कॅन्सरच्या तपासणीचं काम आलं. तीस वर्षांवरच्या प्रत्येक माणसाचा एक फॉर्म भरायचा. वय किती, तंबाखू खाता का, दारू पिता का, कंबरेचा घेर किती, व्यायाम किती, आईवडिलांना बीपी-शुगर होती का. प्रत्येक उत्तराला गुण. परीक्षेच्या उलट, इथे गुण जितके कमी तितकं चांगलं. चारच्या वर गुण गेले की त्या माणसाला उपकेंद्रात आधी न्यायचं. तिथल्या मॅडम बीपी बघतात, बोटातून रक्त काढून शुगर बघतात. खरं तर गुण कितीही आले तरी तिशीवरच्या सगळ्यांनाच न्यायचं असतं. पण आधी कोणाच्या मागे लागायचं हे त्या गुणांवर ठरतं.

मी गावातल्या पहिलवानाच्या पोटालाही टेप लावलाय. "ताई, शर्ट शिवून देता का?" असं म्हणणारे चावट पुरुषही पाहिलेत. त्यांना मी म्हणायचे, "शर्टाचं नाई, दोराचं माप घेते, विहिरीत पडले तं काढाले लागन तुमाले." सगळे हसायचे आणि पोट आत ओढायचे. मग मी थांबायचे, श्वास सोडेपर्यंत. एवढी मी कामात पक्की.

पण भासऱ्यांच्या पोटाला टेप लावायची माझी हिंमत नव्हती.

आमच्याकडे धाकट्या भावाच्या बायकोनं भासऱ्यांना शिवायचं नसतं. त्यांच्यासमोर डोक्यावर पदर, नजर खाली, बोलणं तिसऱ्या माणसामार्फत. माझ्या सासूबाई सांगायच्या, त्यांच्या काळात भासऱ्यांचा चुकून धक्का लागला तर आंघोळ करावी लागायची. आमच्या पिढीत आंघोळ गेली, अंतर राहिलं. लग्न होऊन आल्यापासून वीस वर्षांत मी त्यांच्याशी समोरासमोर एक वाक्य बोलले नव्हते. ते आवारात आले की मी आत जायची. तेही खाकरल्याशिवाय कधी आवारात पाय ठेवत नसत. ते खाकरणं म्हणजे माझ्यासाठी सूचना असायची. माणूस फार चांगला. पहिलं बाळंतपण झालं तेव्हा माझ्यासाठी डिंकाचे लाडू करायला त्यांनीच जाऊबाईंना सांगितलं होतं. मला ते नंतर कळलं.

आमच्या घराचे फॉर्म मी सगळ्यात शेवटी भरले. बाहेरचं गाव संपलं की घरचं, असं म्हणत म्हणत. जाऊबाई वांगी निवडत होत्या. मी शेजारी पायरीवर बसून विचारत गेले आणि त्या सांगत गेल्या.

"दादांची पॅन्ट कितीची?"

"चौतीसची."

चौतीस इंच म्हणजे शहाऐंशी सेंटिमीटर. नव्वदच्या आत शून्य गुण. पॅन्ट ते पोटाच्या खाली बांधतात हे मला दिसत होतं. सगळ्या गावाला दिसत होतं.

तंबाखू. भासरे खर्रा, म्हणजे तंबाखू घालून घोटलेली सुपारी खातात हे मला माहीत होतं. ते घरात लपवून खायचे, गोठ्यामागे पन्नी सापडायची. पण सुनेनं भासऱ्यांच्या खर्ऱ्याचं नाव कागदावर लिहायचं? मी "कधीच नाही" लिहिलं. वडिलांना बीपी? माझे सासरे अंगावरून वारं जाऊन गेले, त्याला घरात कोणी कधी बीपी म्हटलं नव्हतं. नाही. डोकं दुखतं? नाही. चक्कर? नाही. धाप? नाही. वयाचे तेवढे तीन गुण झाले, कारण बावन्नचं वय मला बदलता येत नव्हतं. एकूण तीन. चारच्या आत.

त्यानंतर उपकेंद्रात तपासणीचे दिवस झाले. दोनदा मी जाऊबाईंकरवी निरोप धाडला. दोन्ही वेळा ते डोणगावच्या बाजारात होते. तिसऱ्यांदा मी निरोप धाडला नाही. तीन गुणांच्या माणसामागे किती लागायचं? सात-आठ गुणांची माणसं गावात होती, त्यांना हाताला धरून नेत होते. लोका सांगे ब्रह्मज्ञान, असं म्हणतात ना, ते माझ्यासाठीच असावं.

त्या फॉर्मला दोन वर्षं झाली आणि ती सकाळ आली. वांग्याचे कॅरेट गाडीत चढत होते. माझे मिस्टर वर उभे होते आणि भासरे खालून देत होते. मी घरोघरी जायला निघाले होते. कॅरेट खाली पडल्याचा आवाज आला. वळून पाहिलं तर भासरे उभे होते, उजवा हात लोंबकळत होता आणि तोंड एका बाजूला ओढलं गेलं होतं. ते जमिनीवर सांडलेल्या वांग्यांकडे बघत होते. वाकून उचलायला गेले आणि कोसळले.

मी धावले. त्यांचं डोकं मी मांडीवर घेतलं, कुशीवर वळवलं, तोंडातला फेस पदरानं पुसला. वीस वर्षांत पहिल्यांदा मी त्यांना हात लावला. त्या अवस्थेतही त्यांनी डावा हात उचलून मला बाजूला सारायचा प्रयत्न केला. तो हात माझ्या खांद्याला टेकला आणि खाली पडला. तो स्पर्श मला अजून खांद्यावर जाणवतो. पदर सारखा करते तेव्हा हात तिथेच जातो.

आधी मेहकर, तिथून बुलढाणा. पुढचे एकोणीस दिवस दवाखान्यात.

पहिले सहा दिवस अतिदक्षता विभागात. बाहेर लोखंडी बाकावर आम्ही आळीपाळीनं बसायचो. प्रेशर एकदम खाली आणायचं नसतं, हळूहळू आणतात, नाहीतर मेंदूला रक्त कमी पडतं, असं डॉक्टरांनी समजावलं. पाचव्या दिवशी टू-डी इको झाली. इको म्हणजे हृदयाची सोनोग्राफी. ती पाहून डॉक्टर म्हणाले, "हृदयाची भिंत जाड झाली आहे. सतत जास्त दाबाविरुद्ध काम केलं की असं होतं. निदान पाच-सहा वर्षांचं हे प्रेशर आहे. रोज एक गोळी सुरू असती तर बहुतेक ही वेळ आली नसती."

पाच-सहा वर्षं. मी मनात मागे मोजत गेले. पायरीवर बसून फॉर्म भरला, त्या दिवशीही त्यांच्या अंगात ते प्रेशर होतं. भिंतीपलीकडे ते विहिरीवर मोटार सुरू करत होते. टेप माझ्याच पिशवीत होता.

सातव्या दिवशी त्यांना वॉर्डात आणलं. उजवा हात-पाय हलत नव्हता. बोलणं गेलं होतं. सिस्टरनी विचारलं, "काका, दुखतंय का?" ते म्हणाले, "नाई." आम्हाला केवढा आनंद झाला. जाऊबाईंनी तर वॉर्डातल्या सगळ्यांना सांगितलं, बोलले म्हणून. मग त्यांनी विचारलं, "पाणी देऊ?" "नाई." पण हात ग्लासाकडे गेला. "मले वळखता का?" "नाई." आणि डोळ्यांतून पाणी.

डॉक्टर म्हणाले, "याला अफेझिया म्हणतात. मेंदूतल्या भाषेच्या जागेला इजा झाली की होतं. त्यांना कळतंय. शब्द आत आहेत, बाहेर येत नाहीत. कधी कधी एखादाच शब्द उरतो आणि प्रत्येक वेळी तोच बाहेर पडतो. हळूहळू आणखी येतील, पण किती येतील ते आज सांगता येणार नाही."

सगळ्या शब्दांतून त्यांच्यापाशी नेमका तोच शब्द राहिला होता. मी त्यांच्या नावापुढे जो आठ-दहा वेळा लिहिला होता, तोच. सिस्टर येऊन विचारायची, डोकं दुखतं? चक्कर येते? छातीत दुखतं? आणि भासरे म्हणायचे, नाई, नाई, नाई. माझेच प्रश्न, माझ्याच क्रमानं. मी उठून वॉर्डाबाहेर जायची. नळावर तोंड धुवायची. परत यायची तर कोणीतरी पुन्हा विचारत असायचं. आजारी माणसापाशी बसायची मला भीती वाटत नाही, कामच आहे ते. पण त्या पलंगापाशी बसायची मला भीती वाटायची.

कपडे आणायला एक दिवस घरी आले तेव्हा मी फॉर्मांचा गठ्ठा काढला. त्यांचा फॉर्म वर आला. माझं अक्षर चांगलं आहे, शाळेत बक्षीस मिळालंय. स्वच्छ ओळीत, "नाही, नाही, नाही." खाली एकूण तीन. पेन हातात होता. कंबर शंभराच्या वर लिहिली, तंबाखू "रोज" लिहिलं, वडिलांचं "हो" केलं की नऊ होत होते. मग मी म्हणू शकले असते की नऊ गुण होते, निरोप धाडले होते, ते आले नाहीत. अर्धं खरंही होतं ते. कोणी तपासायला येणार नव्हतं. मी बराच वेळ तशी बसले. मग जाऊबाईंचं ते वाक्य आठवलं, घरचं नाई तपासणार का, आणि मी गठ्ठा होता तसा बांधून ठेवला.

भासरे घरी आले त्याच्या आठवड्यानंतर मी जाऊबाईंना सांगितलं. त्या त्यांच्यासाठी पातळ खिचडी ढवळत होत्या. मी म्हणाले, "बाई, म्या दादाचं बीपी कधी पाह्यलंच नाई. फॉर्म अंदाजानं भरला. खर्ऱ्याचं माहीत होतं, तरी नाई लिवलं."

त्यांचा हात थांबला. वाटलं, आता शिव्या देतील. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"डोकं दुखे त्यायचं," त्या म्हणाल्या. "रोज पहाटचं. उठले की डोकं धरून बसत. म्या बाम लावून देत जाय. तुवा इचारलं तवा म्याच नाई म्हटलं."

"काऊन पण?"

"पोरीची सोयरीक चालू होती तवा. तू कागदावर लिवशीन, मंग मॅडम येतीन, गोळ्या सुरू होतीन, गावात बोभाटा व्हईन. बापाले बिमारी हाय म्हणून पाव्हणे माघारी गेले असते तं?" खिचडी खाली लागल्याचा वास आला. त्यांनी भांडं उतरवलं. "माह्यं मले माफ नाई करता येत. तुह्यं कसं करू? तुले तं शिकवलं होतं नं सरकारनं."

त्यानंतर आठ-दहा दिवस त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. चहा ठेवायच्या आणि तोंड फिरवायच्या. मी चहा प्यायची. तेवढं तरी चालू होतं.

त्या दिवसांत मला एक गोष्ट छळत होती. त्याच दिवशी, त्याच पायरीवर, त्याच पेनानं मी आणखी एक फॉर्म भरला होता. माझ्या मिस्टरांचा. तेही अंदाजानं, कारण नवऱ्याला काय विचारायचं, मला सगळं माहीतच आहे. बाप तोच, रक्त तेच. रात्री ते शेजारी घोरत असत आणि मी ऐकत पडलेली असे. एका सकाळी त्यांना ओढत उपकेंद्रात नेलं. "मले तं काईच होऊन नाई राह्यलं," असं ते वाटभर म्हणत होते. मॅडमनी पट्टा बांधला. एकशे चौसष्ट आणि खालचं एकशे दोन. वेगवेगळ्या दिवशी दोनदा पुन्हा बघितलं, तेवढंच. मॅडम त्यांना म्हणाल्या, "हायपरटेन्शन आहे, म्हणजे रक्तदाब वाढलेला. काहीच होत नाही हेच या आजाराचं लक्षण आहे. गोळी रोज घ्यायची, बीपी नॉर्मल आलं तरी बंद करायची नाही. गोळीमुळेच नॉर्मल येतं." मी मॅडमना भासऱ्यांच्या फॉर्मचंही सांगितलं. त्यांनी पट्टा गुंडाळून ठेवला. मग म्हणाल्या, "असे आणखी किती असतील?"

असतील. पुरुष शेतात असताना बायकांनी दिलेल्या उत्तरांवर भरलेले, शेजारणीनं सांगितलेले, ज्यांना "बिचाऱ्याला काय विचारायचं" म्हणून मी विचारलंच नाही असे. मी गठ्ठा पहिल्यापासून काढला आणि पुन्हा घरोघर निघाले. आता टेप लावल्याशिवाय लिहीत नाही. माणूस समोर नसेल तर जागा कोरी ठेवते. कोरी जागा मला परत बोलावते, "नाही" बोलावत नाही. भासऱ्यांचा जुना फॉर्म मी फाडला नाही. नव्या फॉर्मच्या मागे तो टाचलेला आहे. तीन आणि नऊ, दोन्ही.

मग एका सकाळी जाऊबाई माझ्या दारात आल्या. हातात आम्ही विकत आणलेलं बीपीचं मशीन होतं. "मले याचं काई समजत नाई. आकडा रोज येगळाच येते. तूच लाव त्यायले."

"म्या?"

"मंग कोन? घरातली आशा तूच नं."

मी डोक्यावर पदर घेतला आणि गेले. भासरे खाटेवर टेकून बसले होते. मला बघून त्यांनी मान भिंतीकडे वळवली आणि खाकरले. जुनी सवय. मी दारात थांबले. मग पहिल्यांदा त्यांना समोरून हाक मारली. "दादा, हात द्या."

ते हलले नाहीत. मी खाली बसले, डावी बाही वर केली आणि पट्टा गुंडाळला. पट्टा सैल बसला, त्यामुळे पहिला आकडा चुकीचा आला. पाच मिनिटं थांबून पुन्हा घेतला. त्यांचा दंड माझ्या हातात होता, गरम आणि जड. टेपही लावला त्या दिवशी. एकशे तीन.

त्याला आता सात महिने झाले. ते काठीनं आवारात चालतात. "चहा" म्हणतात, "पोरी" म्हणतात, मोटार सुरू झाली की "पानी" म्हणतात. बाकी सगळ्याला अजून "नाई"च. त्यांना कधी कळलं का, मी त्यांच्या फॉर्मात काय लिहिलं होतं ते? जाऊबाईंनी सांगितलंय की नाही, मी विचारलेलं नाही. मीही त्यांना सांगितलेलं नाही, आणि ते माझ्या मानेवर आहे.

मॅडमनी पट्टा बांधून माझ्या नवऱ्याचा आकडा वेळेत काढला, त्यांचे उपकार मोठे आहेत. वॉर्डातल्या त्या सिस्टरचेही, ज्या भासऱ्यांची प्रत्येक "नाई" ऐकूनही थर्मामीटर लावायच्या आणि पोट दाबून बघायच्या. त्या शब्दाचं काय करायचं असतं, ते मी त्यांच्याकडून शिकले.

रोज सकाळी सात वाजता मी जाते. भासरे आता मला बघितलं की स्वतःच डावी बाही दातांनी वर ओढतात. मी विचारते, "दादा, डोकं दुखते का?"

"नाई."

"चक्कर?"

"नाई."

मी पट्टा गुंडाळते आणि मशीन सुरू करते. वही उघडी असते. आकडा आल्याशिवाय पेनाचं टोपण काढत नाही.